आईने घेतलेली गोळी

डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, हे प्रयोगशाळेत घडवलेलं इस्ट्रोजेन. १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी ते जगापुढे आणलं. पेटंट नव्हतं, गोळी स्वस्त होती. साहजिकच अनेक कंपन्यांनी ती बनवली. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत लाखो गर्भवतींना ती दिली गेली.

खरं तर १९५३ मध्येच शिकागोतल्या चाचणीने दाखवलं होतं, की गर्भपात रोखण्यात या गोळीचा काहीच उपयोग नाही. तरी डॉक्टर ती लिहून देतच राहिले. निरुपयोगी औषध निरुपद्रवी असतं, हा समज तेव्हाही होता, आजही आहे.

१९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉ. आर्थर हर्बस्ट यांनी योनिमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची माहिती मांडली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी हे औषध घेतलं होतं. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने गर्भवतींना ते न देण्याचा इशारा दिला.

म्हणजे गोळी आईने घेतली, आजार मुलीला, तोही वीसएक वर्षांनी! वार आईच्या रक्तातलं सगळंच अडवते, हा भरवसा त्याआधी गर्भात व्यंग निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाने डळमळीत केला होताच. हा कर्करोग अशा मुलींमध्ये साधारण हजारात एकीला होतो. त्याहून कितीतरी जणींच्या वाट्याला वंध्यत्व, नलिकेतली गर्भधारणा, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आली. काहींचं गर्भाशयच इंग्रजी टी अक्षरासारखं घडलं. मुलग्यांमध्ये अंडकोष खाली न उतरणं अधिक दिसलं. खुद्द आयांनाही स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढला.