बारा व्होल्टांतले दहा

२००३-०४ सालच्या ई-क्लास मर्सिडीजचं दार नुसतं उघडा. किल्ली फिरवलेली नाही, इंजिन थंड आहे, तरी बॉनेटखालून बारीक घुर्र असा आवाज येतो आणि क्षणात थांबतो. तो ब्रेकचा पंप. डब्ल्यू २११ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पिढीत २००६ पर्यंतच्या गाड्यांचे ब्रेक विजेवर चालत. पायाखालचं पेडल किती आणि किती झटक्यात दाबलं हे आधी कॉम्प्युटरला कळतं आणि कोणत्या चाकाला किती दाब द्यायचा हे तो ठरवतो. दार उघडलं की ही यंत्रणा जागी होऊन स्वतःची तपासणी उरकून घेते. ज्या विजेवर हे चालतं ती येते डिकीच्या फळीखाली बसवलेल्या बॅटरीतून. तिच्यात आहे शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि पाणी घालून सौम्य केलेलं गंधकाम्ल. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते यांनी बनवलेल्या बॅटरीतही हाच ऐवज होता.

मधल्या काळात कारमधलं जवळजवळ सगळं बदललं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला, हँडल मारायचं थांबलं आणि बॅटरी गाडीत कायमची मुक्कामाला आली. तेव्हा तिचं काम होतं सेल्फ आणि दिवे. आज जुन्या आलिशान गाडीत ती कित्येक छोट्या कॉम्प्युटरांना पोसते. म्हणून अशा गाडीसाठी नवी बॅटरी निवडताना ‘कुठली कंपनी चांगली’ हा प्रश्न खूप मागून यायला हवा. गाडी घडवणाऱ्यांनी बॅटरी कुठे ठेवली, कशी ठेवली आणि तिच्याकडून काय अपेक्षा केली, हे आधी वाचायचं. ते वाचता आलं की निवड बरीचशी आपोआप होते.

पण आधी ही वीज येते कुठून? बॅटरीच्या एका घरात, म्हणजे सेलमध्ये, दोन प्रकारचे पत्रे असतात. ऋण पत्रा शुद्ध शिशाचा, धन पत्रा शिशाच्या डायॉक्साइडचा. वीज देताना दोन्हींचं लेड सल्फेट होतं आणि ॲसिडाचं पाणी होत जातं. चार्ज करताना हे उलटं फिरतं. एका सेलचा दाब साधारण २.१ व्होल्ट. सहा सेल ओळीने जोडले की साडेबाराच्या थोडं वर. म्हणायचं बारा व्होल्ट.

हे दोन पूर्णांक एक दशांश इतके जास्त का, याचं उत्तर फार थक्क करणारं आहे. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. इतक्या मोठ्या भाराच्या अगदी जवळ असलेल्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ६० टक्के भरतो. या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत, आइन्स्टाइनची सापेक्षता लागते. तिच्या हिशेबाने एवढ्या वेगातला इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखा वागतो आणि केंद्राकडे आक्रसतो. परिणाम आतल्या कवचापुरता थांबत नाही. सर्वांत बाहेरच्या कवचातले दोन इलेक्ट्रॉनही आत ओढले जातात, घट्ट धरले जातात. धन पत्र्यावरच्या डायॉक्साइडमध्ये शिशाने हेच दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. ते परत मिळवण्याची त्याची ओढ सापेक्षतेमुळे कैक पटींनी वाढते. बॅटरीचा जोर म्हणजे मुख्यतः ही ओढ.

२०११ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे राजीव आहुजा, हेलसिंकीचे पेक्का पिक्को आणि त्यांचे सहकारी यांनी हा हिशेब ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडला. २.१ व्होल्टांपैकी १.७ ते १.८ व्होल्ट हे निव्वळ सापेक्षतेचे. सहा सेलांचे मिळून दहाच्या वर. आवर्तसारणीत शिशाच्या बरोब्बर वरच्या घरात कथील आहे, त्याच्या बाहेरच्या कवचाची मांडणीही तशीच, पण त्याच्या केंद्रात प्रोटॉन फक्त ५०. तिथे हा परिणाम कमी पडतो, आणि कथलाची अशी बॅटरी कोणी बनवत नाही. सकाळी गाडीला सेल्फ मारताना आपण अणूच्या पोटातली सापेक्षता वापरत असतो. हे कळल्यापासून मला बॅटरीच्या दुकानातल्या त्या काळ्या रांगांकडे साधेपणाने बघताच येत नाही.

आता डब्ल्यू २११ कडे परत. ही पिढी पुण्यात जोडली जात होती, त्यामुळे आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात ती अजून दिसते. तिची डिकीतली मुख्य बॅटरी ए.जी.एम. जातीची, ९५ अँपिअर-अवरची. या जातीत दोन पत्र्यांमध्ये काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंची गादी असते आणि टीपकागदाने शाई धरावी तसं ती सगळं ॲसिड धरून ठेवते. हलणारं, सांडणारं असं आत काही नाही. गादी पूर्ण भिजलेली मात्र ठेवत नाहीत, थोडी रंध्रं मुद्दाम मोकळी सोडतात. चार्ज होताना धन पत्र्यावर ऑक्सिजन सुटतो, तो या रंध्रांतून पलीकडच्या ऋण पत्र्याकडे जातो आणि तिथे त्याचं परत पाणी होतं. म्हणून हिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायची सोय नाही आणि गरजही नाही. पण जरुरीपेक्षा जास्त दाबाने चार्ज झाली तर वायू व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. तेवढं पाणी कायमचं गेलं.

पत्रे गादीत दाबून बसवलेले असल्यामुळे खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्यांच्यावरचा थर सहसा झडत नाही. आतला विरोधही कमी, त्यामुळे ही बॅटरी एकदम मोठा प्रवाह देऊ शकते आणि पुन्हा पुन्हा खाली उतरणं साध्या बॅटरीपेक्षा चांगलं सोसते. विजेवर ब्रेक चालवणाऱ्या गाडीला हेच हवं होतं. त्याच कारणासाठी या गाड्यांत बॉनेटखाली आणखी एक छोटी बॅटरी आहे. मोठीचा दाब पडला तर ब्रेकला वीज पुरवायला. कित्येक मालकांना ती असल्याचं माहीतच नसतं. डिकीतली नवी घालूनही डॅशबोर्डवरची तक्रार जात नसेल, तर आधी या धाकटीकडे बघावं.

ए.जी.एम. प्रत्येक जुन्या गाडीला चांगली, असं मात्र नाही. १९९५ पासून पुण्यात बनू लागलेली डब्ल्यू १२४ घ्या. तिची बॅटरी इंजिनाशेजारी, उष्णतेत. ती साध्या, झाकणं असलेल्या ॲसिड बॅटरीवर बेतलेली गाडी आहे. तिला चांगल्या प्रतीची तशीच बॅटरी घालावी आणि पाण्याची पातळी बघत जावी. माझं मत विचाराल तर तिथे ए.जी.एम.वर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. उलटं मात्र करू नये. ज्या गाडीने ए.जी.एम. मागितली, तिला स्वस्त पडते म्हणून साधी देणं महागात जातं.

डिकीत किंवा मागच्या सीटखाली बॅटरी ठेवण्यामागे कारणं होती. वजन मागे गेल्याने गाडीचा तोल सुधारतो आणि बॅटरी इंजिनाच्या भट्टीपासून दूर राहते. तापमान १० अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. बॅटरी बंद पडल्याचं थंडीत कळतं, पण तिला मारलेलं असतं उन्हाळ्याने. म्हणूनच लेबलावरच्या दोन आकड्यांपैकी दुसऱ्याने, म्हणजे ८५० अँपिअर वगैरेने, फार भुलू नये. तो उणे १८ अंशांवर स्टार्टर फिरवण्याची ताकद सांगतो. अकोल्याच्या मे महिन्यात त्याची कसोटी लागणार नाही. कंपनीने सांगितलेल्या आकड्याखाली जायचं नाही, एवढं पुरे. पहिला आकडा, अँपिअर-अवर, आपल्याकडे जास्त कामाचा.

पण डिकी बंद जागा आहे. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून अशा बॅटरीच्या कडेला एक बारीक छिद्र असतं, त्यात एक लवचीक नळी बसते आणि ती गाडीच्या तळातून बाहेर निघते. नवी बॅटरी बसवताना हीच नळी सर्वांत जास्त वेळा विसरली जाते. मूळ नळी गॅरेजच्या फरशीवर पडून राहते आणि झाकण लागतं. नव्या बॅटरीला त्या बाजूला छिद्र आहे का, नळी त्यात घट्ट बसली का, दुसऱ्या बाजूच्या छिद्राला बूच आहे का, हे स्वतः वाकून बघावं.

मापंही तशीच बघावीत. ९५ अँपिअर-अवरच्या युरोपीय घडणीच्या बॅटरीची लांबी ३५३ मिलिमीटर, रुंदी १७५, उंची १९०. ८० वालीची लांबी ३१५. रुंदी-उंची तीच असल्यामुळे धाकटी त्या खाचेत ‘बसते’ आणि दुकानदार देऊनही टाकतो. बुडाशी असलेल्या पट्टीला पकडणारी क्लॅम्प मात्र नीट लागत नाही, आणि २६ किलोंच्या आसपासचं वजन अपघातात मोकळं सुटणं भयंकर. धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे हेही जुनी शेजारी ठेवून ताडावं. धन खुंटी ऋणापेक्षा किंचित जाड असते, बोटालाही फरक कळतो.

बी.एम.डब्ल्यू.मध्ये याहून पुढची गोष्ट आहे. २००३ ते २०१० च्या पाच-सीरिजमध्ये, म्हणजे ई ६० मध्ये, ऋण टर्मिनलवरच एक सेन्सर बसतो. प्रवाह, दाब आणि तापमान मोजत तो बॅटरीचा इतिहास गाडीला कळवत असतो, आणि बॅटरी म्हातारी होत जाईल तसं तिला चार्ज करण्याचं धोरण गाडी बदलते. बॅटरी बदलल्याचं गाडीला स्कॅनरवरून कळवावं लागतं. नाही कळवलं, तर नव्या बॅटरीला ती जुनीच समजून वागवत राहते. क्षमता किंवा जात बदलली असेल तर तेही वेगळं नोंदवावं लागतं. स्कॅनर नसलेल्या दुकानातून या गाडीची बॅटरी घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. याच गाड्यांच्या धन टर्मिनलमध्ये एक इवलासा स्फोटक भरलेला असतो. जोराची धडक बसली की तो उडतो आणि इंजिनाकडे जाणारी जाड केबल तोडून टाकतो, म्हणजे ठिणगी नको. त्या टर्मिनलवर हातोडी चालवू पाहणाऱ्याला वेळीच थांबवा.

आणि मुळात बॅटरी गेलीच आहे का? रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरवर १२.६ किंवा जास्त दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली घसरत असेल तर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास नसेल, तर दोष अल्टरनेटरकडे आहे आणि नवी बॅटरीही महिन्याभरात जुनीच्या वाटेने जाईल. उभ्या गाडीची गळती मोजताना एक गंमत आहे. डिकी उघडी असली की गाडी जागीच राहते. म्हणून जाणते मेकॅनिक डिकीच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने मिटवतात, गाडीला डिकी लागली असं वाटू देतात आणि एकेक कॉम्प्युटर झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास मीटरवरचा आकडा उतरताना बघत बसतात. शेवटी ५० मिलिअँपिअर उरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. ४० दिवस गाडी हललीच नाही तर ९५ मधले ४८ गेले. उतरलेल्या बॅटरीतल्या सल्फेटचे कण वाढून कडक होतात आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला नव्या बॅटरीबरोबर ए.जी.एम.ला चालणारा एक छोटा मेंटेनन्स चार्जर घ्यावा. दुकानात बॅटरीवरची उत्पादनाची तारीख वाचून घ्यावी. फळीवर पडूनही ती थोडी थोडी उतरतच असते.

बसवताना ऋण केबल आधी काढायची आणि शेवटी लावायची. डब्ल्यू २११ सुरू झाल्यावर घसरण नियंत्रणाचा दिवा लागलेला दिसेल. घाबरू नका, स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं की तो जातो. काचा वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरलं की त्याही पुन्हा एका दाबात चालायला लागतात.

काढलेली बॅटरी दुकानातच परत द्या, बिलात तिचे पैसे वजा होतात. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्यांच्या हाती ती लागता कामा नये. ते शिसं मातीत आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणी असलेल्या कारखान्यात शिसं जवळपास सगळं परत मिळतं आणि पुन्हा पत्रे बनतात. वितळवून त्याचे गुण कमी होत नाहीत. तुमच्या नव्या बॅटरीतलं शिसंही बहुधा याआधी कुणाच्या तरी गाडीत काम करून आलेलं आहे.