वैद्यकव्यवसाय आणि दूरसंचार : बारामती-इंदापूरचा पडताळा

बारामती व इंदापूर हे तालुके ऊस, दूध, द्राक्षे-डाळिंबे आणि उजनीची मासळी यांसाठी सर्वांस परिचित आहेत. या धंद्यांत गेल्या पंचवीस वर्षांत दूरसंचार सेवांनी कोणते स्थान मिळविले, हे पाहिले म्हणजे आपल्या व्यवसायाने त्यांचा उपयोग कोठवर करावा आणि कोठे थांबावे, हे ठरविणे सोपे जाते. म्हणून हा लेखप्रपंच.

भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये झाला. त्यानंतरही कित्येक वर्षे तालुक्याच्या गावी एसटीडी बूथ हाच व्यापाऱ्याचा आधार होता. मोबाईल आला तरी २००३ पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. घाऊक मागणी पत्राने पुण्यास कळवायची आणि पार्सल केव्हा येईल याची वाट पाहायची, हा क्रम ज्येष्ठ औषधविक्रेत्यांच्या स्मरणात असेल.

नाशवंत मालाच्या धंद्यास या सेवेचा लाभ सर्वाधिक झाला. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. तिचा मासळीबाजारावरील परिणाम रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासून २००७ साली प्रसिद्ध केला. कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे हे नावेतूनच कळू लागल्यावर मासळी फुकट जाणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकास पडणारा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. एकाच व्यवहारात विकणारा व घेणारा असे दोघेही लाभात राहावेत, हे व्यापारात क्वचितच घडते. भिगवण व इंदापूरच्या बाजारांत उजनीची मासळी येते, तिलाही वेळेचे हेच बंधन आहे. ओल्या गुळवेलीची किंवा कोरफडीची ने-आण ज्यांनी केली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

उसाची गोष्ट थोडी वेगळी. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत उभे राहिले. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ऊसनोंदणीसाठी मोबाईल ॲप आणले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर मायक्रोसॉफ्टच्या साह्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. शेतातील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहचित्रे यांवरून पाणी, खत व रोग यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. सत्या नाडेला यांनी २०२५ च्या आरंभी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केल्यापासून बारामतीचे नाव देशाबाहेरही गेले. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजनाचा आकडा मोबाईलवर पाठविता येतो. ऊस मात्र काट्यावरच घालावा लागतो.

आपल्या शास्त्रात रुग्णपरीक्षेची तीन अंगे सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. दूरध्वनीवर प्रश्न उत्तम होतो. किंबहुना घरच्या निवांतपणात रुग्ण अधिक मोकळेपणी बोलतो, असा आमचा अनुभव आहे. चित्रसंवादात दर्शन अर्धेमुर्धे साधते, कारण जिव्हेचा वर्ण दिव्याच्या उजेडावर बदलतो. स्पर्शन मुळीच होत नाही. नाडी आणि उदरपरीक्षा तारेवरून जात नाहीत.

तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. टाळेबंदीच्या दिवसांत ती मोठी सोय ठरली. रुग्णाची ओळख पटविणे, त्याची संमती, चिकित्सापत्रावर नोंदणी क्रमांक आणि संवादाची जपून ठेवलेली नोंद ही कर्तव्ये तीत आहेत. प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटल्यास रुग्णास बोलावून घेण्याचा निर्णयही चिकित्सकाचाच आहे. यांपैकी नोंदीकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे आम्हांस दिसते. व्हॉट्सॲपवर पाठविलेला कल्प आणि मात्रा यांची रुग्णपत्रकात नोंद नसेल, तर तीन महिन्यांनी काय दिले होते हे कोण सांगणार?

औषधविक्रेत्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, पारद, हरताळ आदी विषारी द्रव्ये दिलेली आहेत. ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना छापावी लागते. अशी औषधे चिकित्सकाच्या देखरेखीवाचून ऑनलाइन विकू नयेत, असे आयुष मंत्रालयाने २०१६ मध्येच कळविले आहे. फोनवर आलेल्या मागणीस वेगळा न्याय लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. 'मागच्या वेळेस दिले तेच पाठवा' या एका वाक्यावर आरोग्यवर्धिनीचे किंवा महायोगराज गुग्गुळाचे पार्सल बांधणाऱ्यांनी चिकित्सापत्राचे छायाचित्र तरी मागवावे. उरलेल्या कामांत, म्हणजे साठ्याची चौकशी, घाऊक मागणी आणि यूपीआयने हिशेब चुकता करणे यांत, ही सेवा खुशाल वापरावी. जाहिरातीचे एसएमएस मात्र मनास येतील तसे पाठविता येत नाहीत. 'ट्राय'च्या २०१८ च्या विनियमानुसार पाठविणाऱ्याची व मजकुराची आधी नोंदणी करावी लागते.

या सेवेची खरी गरज ज्यांना आहे, ते लोक मात्र आपल्या यादीत बहुधा नसतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड कामगार या तालुक्यांत उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. कंबरदुखी, त्वचारोग, पाळीच्या तक्रारी अशा जुनाट व्याधींवर जानेवारीत सुरू केलेली चिकित्सा मार्चमध्ये अर्धी राहते. येथे प्रत्यक्ष तपासणी झालेली आहे, रुग्णपत्रक आपल्याजवळ आहे. पुढचा पाठपुरावा दूरध्वनीवर अगदी रीतसर होऊ शकतो. अडचण एवढीच, की स्त्रीरुग्णाच्या पत्रकावर पुष्कळदा मुकादमाचा किंवा नवऱ्याचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकावर ती पाळीविषयी काय बोलणार? पत्रक भरतानाच फोन कोणाचा, तो तिच्या हाती केव्हा असतो आणि दुसऱ्या कोणी उचलल्यास निरोप ठेवावा की नाही, हे तिला एकटीला विचारून क्रमांकाशेजारी लिहून ठेवावे.