अॅपला फुटला घाम!

आमचं स्ट्रेंग्थ ट्रेनिंगचं अॅप म्हणजे एकदम चकाचक! पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून बनवलेलं. ग्राफ काय, अॅनिमेशन काय... बॉसही खूश.

दिवाळीत घरी जालन्याला गेलो. 2018 ची महाराष्ट्र केसरी जिथे रंगली आणि बाला रफिक शेखनं गदा पटकावली, ते आमचं गाव. मावसभाऊ सळयांच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून जिमला निघाला होता. म्हटलं, चल, अॅप वापरून दाखव!

स्क्वॅटचा सेट झाला. अंगठा घामानं चिंब. घामातून वीज वाहते, त्यामुळे टचस्क्रीनला बोट कुठलं नि थेंब कुठला तेच कळेना. 60 किलो नोंदवायला पाच टिचक्या! तोवर 90 सेकंदांची विश्रांती खल्लास. ‘‘दादा, हे तुझ्याजवळच ठेव,’’ म्हणत त्यानं खिशातून छोटी वही काढली. मागच्या आठवड्याचा आकडा, त्याखाली आजचा. बस्स!

ताकद वाढवायचा फंडाही तोच ना? मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त.

पुण्याला परतल्यावर निम्मी स्क्रीन पुसून टाकली. आता अॅप उघडलं की मागचं वजन आधीच भरलेलं. खाली अंगठ्याजवळ ‘झालं’ असं भलंमोठं बटण, शेजारी ‘अडीच किलो वाढव’. मोठं नि जवळचं लक्ष्य पटकन गाठता येतं, हे पॉल फिट्सनं 1954 मध्येच दाखवलं होतं. आम्ही मात्र ते जिममध्ये शिकलो!

भाऊ आता अॅप वापरतो. वही मात्र अजून खिशात असते... बॅकअप म्हणून!