मोडून शिकण्याचा संगणक

नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागले की टोमॅटोच्या रानांवरून आणि द्राक्षबागांवरून डोके वर काढून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार ताटल्या दिसू लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही ‘जीएमआरटी’ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली आणि २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने जुन्नर-आंबेगाव भागातील शाळांची मुले येथे येतात आणि माना उंचावून या ताटल्या पाहतात. ताटल्यांमागचे संगणक मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत.

वास्तविक निम्मे काम तेथेच चालते. अँटेनातून येतो तो केवळ क्षीण संकेत. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचे संकेत अखंडपणे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. त्यातूनच पुढे आकाशाचे चित्र तयार होते. पूर्वी हे काम त्यासाठीच घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे आले आणि तो समूह चालतो लिनक्सवर. या निरीक्षणांवर पुढील प्रक्रिया करणारी ‘कासा’सारखी सॉफ्टवेअरही लिनक्ससाठी किंवा अॅपलच्या संगणकांसाठीच मिळतात. म्हणजे आपल्या शिवारातील दुर्बिणीने टिपलेल्या नोंदी उद्या ओतूर किंवा मंचरच्या एखाद्या पदवीधराला अभ्यासायच्या झाल्या, तर विज्ञानाच्या जोडीला त्याला लिनक्सही यावे लागेल. बँकांचे, संकेतस्थळांचे आणि मोबाइल सेवांचे सर्व्हरही मोठ्या प्रमाणावर याच प्रणालीवर चालतात, हे वेगळे सांगायला नको.

लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये जाहीर केलेली ही प्रणाली फुकट मिळते, तिची प्रत हवी तितक्यांना देता येते. अडचण किमतीची नाही. अडचण आहे ती सरावाची. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो मुलांना संगणकाची ओळख करून दिली. ती मुख्यतः विंडोजची. घरात असतो एकच लॅपटॉप. त्यावर धाकट्या बहिणीचा अभ्यास असतो, वडिलांचा बाजार समितीतील पट्ट्यांचा हिशेब असतो, लग्नाचे फोटो असतात. असा संगणक पुसून त्यावर नवी प्रणाली बसवू द्यायला कोणते घर तयार होईल? एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी बसविण्याचा मार्ग आहे, परंतु विभागणी करताना एक चुकीचा पर्याय निवडला की सगळा साठा जातो. लिनक्सच्या नादी लागून घरच्यांची बोलणी खाल्लेल्यांची एक पिढीच या मार्गाने तयार झाली आहे.

यावरचा तोडगा म्हणजे आभासी संगणक, अर्थात ‘व्हर्च्युअल मशीन’. नवे वाण कोणताही शेतकरी एकदम सगळ्या रानात लावीत नाही. तो एक वाफा वेगळा काढतो, तेथे ते लावून पाहतो. जळाले तर वाफ्यापुरतेच जळते. आभासी संगणकाचेही तसेच आहे. विंडोजवर एक सॉफ्टवेअर बसवायचे. ते आपल्या खऱ्या संगणकाची थोडी मेमरी, थोडी प्रोसेसरची शक्ती आणि डिस्कवरील एक मोठी फाइल बाजूला काढून त्यातून एक पूर्ण संगणक उभा करते. आत बसविलेल्या लिनक्सला ती फाइल म्हणजेच आपली डिस्क वाटते. तेथे सर्व काही पुसून टाकले तरी बाहेरच्या हिशेबाला आणि फोटोंना धक्का लागत नाही.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी ती बाजारात आणली होती. टेबलावरच्या संगणकावर ती व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये आणली, २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिच्यासाठी सोय केली आणि २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आले. नवशिक्यासाठी आजही तेच सोयीचे. आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप असेल तर त्यातील दोन जीबी आभासी संगणकाला देता येतात. डिस्कसाठी वीस जीबी पुरतात आणि ही फाइल जशी लागेल तशी वाढते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची ही सोय मुळात बंद ठेवलेली असते आणि ती बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. पहिल्याच दिवशी कंटाळून नाद सोडणाऱ्यांपैकी अनेकांचे घोडे येथेच अडलेले असते.

आत कोणते लिनक्स बसवावे यावर अनंत वाद आहेत. डेबियन बसवावे आणि वादात पडू नये. १९९३ पासून चालत आलेले हे वितरण स्वयंसेवक चालवितात, आणि त्याच्या लहान स्थापना-फाइलला फारसा डेटा लागत नाही. खिडक्या, चित्रे, माउस यांचा पसारा बसवूच नये. काळ्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर पाहून प्रथम छाती दडपते, पण सर्व्हर म्हणतात तो असाच असतो. बसविताना ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड विचारला जातो. तो दिला तर साध्या वापरकर्त्याला विशेष अधिकार मिळत नाहीत आणि ‘सुडो’ हे साधनही बसत नाही. ते स्वतः बसवून आपल्या वापरकर्त्याला ‘सुडो’च्या गटात घालणे हाच पहिला धडा ठरतो.

यानंतर लगेच करायची गोष्ट म्हणजे ‘स्नॅपशॉट’. या क्षणी यंत्र जसे आहे तशी त्याची नोंद व्हर्च्युअलबॉक्स करून ठेवतो आणि पुढे काहीही बिघडले तरी त्या क्षणापाशी परत जाता येते. शिकणाऱ्याची भीती येथे संपते. पुस्तकात ‘ही आज्ञा कधीही देऊ नये’ असे लिहिलेले असते. ती येथे देऊन पाहता येते. मात्र बिघडले की लगेच स्नॅपशॉटकडे धाव घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आधी तासभर तरी दुरुस्तीचा प्रयत्न करावा, अगदीच हात टेकले तर मागे जावे.

सराव करायचा तर खोटी का होईना, एक संस्था हवी. समजा घोडेगावची एक काल्पनिक पतसंस्था आहे. तिचा लिपिक खतावणी लिहितो, व्यवस्थापक ती वाचतो, बाकी कोणाला ती दिसता कामा नये. तीन वापरकर्ते तयार करावेत, लिपिकाला फाइलचा मालक करावे, व्यवस्थापकाला तिच्या गटात घालावे आणि फाइलला ६४० हे अधिकार द्यावेत. लिनक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालविण्याचा १ असे गुण धरतात. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. म्हणून ६४० म्हणजे मालकाला वाचणे-लिहिणे, गटाला केवळ वाचणे, इतरांना काहीच नाही. एवढे करूनही व्यवस्थापकाला फाइल उघडत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्यात शिरण्याचाच त्याला अधिकार नसतो. फोल्डरच्या बाबतीत ‘चालविणे’ याचा अर्थ ‘आत शिरणे’ असा होतो. अशा वेळी वैतागून ७७७ देऊन टाकण्याचा मोह होतो. सर्वांना सर्व अधिकार दिले की अडचण संपते आणि खतावणीची गुप्तताही संपते. खऱ्या कार्यालयांतील कितीतरी सर्व्हर अशाच एखाद्या वैतागलेल्या दुपारपासून उघडे पडलेले असतात.

दुसरा प्रयोग डिस्क भरून टाकण्याचा. आभासी संगणकाला एक जीबीची दुसरी डिस्क जोडावी, तिच्यावर फाइल-व्यवस्था तयार करावी, ती एका फोल्डरला जोडावी आणि निरुपयोगी फाइलने काठोकाठ भरावी. मग खतावणीत नवी ओळ लिहून पाहावी. ‘डीएफ’ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते, ‘डीयू’ कोणी किती व्यापली ते. गंमत पुढे आहे. मोठी फाइल पुसूनही ‘डीएफ’ जागा रिकामी झाल्याचे दाखवीत नाही, असे कधीकधी घडते. एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून धरलेली असते. नाव पुसले गेले तरी तो प्रोग्राम थांबेपर्यंत जागा सुटत नाही. याउलट, जागा शिल्लक असताना ‘जागा नाही’ असाही संदेश येतो. प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी संपलेल्या असतात, म्हणजे लक्षावधी चिमुकल्या फाइलींनी खातेवहीच भरलेली असते. हे दोन प्रकार स्वतः घडवून पाहिलेला माणूस पुढे नोकरीत मध्यरात्री फोन आला तरी गोंधळत नाही.

याच दुसऱ्या डिस्कच्या आधाराने यंत्र सुरूच होणार नाही असेही करता येते. सुरू होताना कोणत्या डिस्क कोठे जोडायच्या याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये असते. त्यात डिस्कच्या ओळखक्रमांकाचे एक अक्षर मुद्दाम चुकवावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. दीड मिनिट वाट पाहून ते आणीबाणीच्या अवस्थेत जाते आणि रूटचा पासवर्ड मागते. तेथून यादी दुरुस्त करायची. पहिल्यांदा घाम फुटतो, तिसऱ्या वेळी पाच मिनिटांत काम होते. या अवस्थेतील संदेश इंग्रजीत आणि कोरडे असतात, पण ते खरे बोलतात; ओळ न ओळ वाचण्याची सवय लावून घ्यावी. इंग्रजीचे दडपण असणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीत ध्वनिमुद्रित केलेले आहेत.

वीज जाणे हा आपल्याकडे शिकविण्याचा विषय नाही, असे वाटेल. भारनियमनाच्या काळात या तालुक्यांनी तो पुरेसा भोगला आहे आणि आजही पावसाळ्यात तारा तुटल्या की अंधार होतो. आभासी संगणकाची ‘वीज’ मात्र हवी तेव्हा तोडता येते. फाइल लिहिली जात असताना मध्येच यंत्र बंद करावे आणि पुन्हा सुरू करून काय उरले ते पाहावे. लिनक्सची नेहमीची ‘ईएक्सटी४’ ही फाइल-व्यवस्था बदलांची रोजनिशी ठेवते, त्यामुळे तिची मांडणी सहसा शाबूत राहते. परंतु मेमरीत असलेल्या आणि डिस्कपर्यंत न पोचलेल्या शेवटच्या ओळी गेलेल्या असतात. मांडणी वाचणे आणि मजकूर वाचणे यांतला फरक असा एका मिनिटात कळतो.

सॉफ्टवेअर बसविणे-काढणे, ठरावीक वेळी काम चालविणे हे त्या मानाने सोपे; ते आठवड्याभरात अंगवळणी पडते. दुसरा आभासी संगणक उभा करून दोघांना एकमेकांशी जोडणे, ‘एसएसएच’ने एकातून दुसऱ्यात शिरणे आणि पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणे येथवर मात्र अवश्य जावे, कारण पुढचा भाग त्यावर अवलंबून आहे.

हा पुढचा भाग म्हणजे बॅकअप. येथे स्नॅपशॉटविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्नॅपशॉट त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर असतो. लॅपटॉप गेला की तोही जातो. खतावणी दररोज दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे, आणि सरावापलीकडे, दुसऱ्या खऱ्या डिस्कवर. ‘आरसिंक’ हे काम चोख करते. पण तेवढ्याने भागत नाही, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीच्या अनुभवाने जगाला दाखविले. थकलेल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसचा सुमारे ३०० जीबीचा साठा नाहीसा झाला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. ऐन वेळी त्यांतील एकही धडपणे उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावले. कंपनीने हा सारा प्रकार न लपविता प्रसिद्ध केला, हे तिचे मोठेपण. घोडेगावच्या काल्पनिक पतसंस्थेची खतावणी म्हणूनच महिन्यातून एकदा खरोखर पुसावी, बॅकअपवरून परत आणावी आणि शेवटच्या ओळीपर्यंत ताडून पाहावी.

विंडोजमध्येच लिनक्स चालविण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून दिली आहे, ती कशी, असे कोणी विचारील. ‘कासा’सारखे प्रोग्राम चालवायला ती उत्तम. परंतु यंत्र सुरू होताना काय घडते, डिस्कची विभागणी, आणीबाणीची अवस्था हे तिच्यात जवळपास झाकलेले राहते. आणि प्रशासन शिकायचे ते नेमके तेथे.

आभासी संगणकाला मर्यादाही आहेत. जळालेला वीजपुरवठ्याचा भाग, सैल झालेली केबल, खरखरणारी डिस्क यांचा वास आणि आवाज तेथे नाही. मुख्य म्हणजे तेथे कोणी खोळंबलेले नसते. खोडदच्या दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांना प्रस्ताव पाठवावे लागतात आणि मागणी उपलब्ध वेळेपेक्षा नेहमीच जास्त असते. अशा वेळी एक संगणक अर्धा तास अडला, तरी तारा मावळायचा थांबत नाही.

म्हणून अखेरचा सराव घड्याळ लावून करावा. पहिल्या दिवसापासून दिलेली प्रत्येक महत्त्वाची आज्ञा आणि तिचा परिणाम एका साध्या दोनशे पानी वहीत हाताने लिहीत जावे. दोनेक महिन्यांनी, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर आहे याची खात्री करून, दोन्ही आभासी संगणक स्नॅपशॉटसकट पुसून टाकावेत आणि केवळ त्या वहीच्या आधाराने सगळे पुन्हा उभे करावे: वापरकर्ते, अधिकार, दुसरी डिस्क, किल्ल्या आणि बॅकअपवरून आणलेली खतावणी. पहिल्या खेपेस यात एक अख्खा रविवार जातो आणि वहीत काय लिहायचे राहून गेले, ते दुपारच्या सुमारास कळू लागते.