विश्लेषण : इंटरनेट वेगवान, तरीही 'लाइव्ह' का अडखळते?

व्याख्यान असो, ऑनलाइन क्लास, कीर्तन किंवा गेमिंग. थेट प्रक्षेपण अडखळले की पहिला संशय इंटरनेटवर जातो. महागडा प्लॅन घेतला जातो आणि चित्र पुन्हा तसेच अडकते. अनेकदा दमछाक झालेली असते ती संगणकाची.

दोष नेमका कुठे, हे कसे ओळखायचे?

प्रक्षेपणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'ओबीएस स्टुडिओ' या मोफत सॉफ्टवेअरमध्येच उत्तर आहे. व्ह्यू मेन्यूतील 'स्टॅट्स' उघडले की गमावलेल्या फ्रेम्सचे तीन आकडे दिसतात : नेटवर्कमुळे, एन्कोडिंग मागे पडल्यामुळे आणि रेंडरिंगला उशीर झाल्यामुळे. यातला फक्त नेटवर्कचा आकडा वाढत असेल, तरच इंटरनेटला बोल लावावा. तेव्हाही आधी वायफाय सोडून लॅन केबल लावून पाहावी आणि अपलोडचा वेग तपासावा. जाहिरातीत मिरवला जातो तो बहुधा डाउनलोडचा.

एन्कोडिंग मागे का पडते?

कॅमेऱ्यातून येणारे चित्र आहे तसे पाठवणे परवडत नाही. ते दाबून लहान करावे लागते, हेच एन्कोडिंग. सेकंदाला ३० फ्रेम्स असतील तर एका फ्रेमसाठी संगणकाला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. ६० असतील तर जेमतेम १७. तेवढ्यात काम उरकले नाही की फ्रेम वगळली जाते. 'एक्स२६४' निवडले असेल तर हे सारे ओझे प्रोसेसरवर पडते, आणि त्याच वेळी ब्राउझरचे २० टॅबही उघडे असतात! त्याऐवजी एनव्हिडियाचे 'एनव्हेन्क' किंवा इंटेलचे 'क्विक सिंक' निवडल्यास चिपमधला याच कामासाठी राखलेला भाग ते उचलतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय असते, पण सेटिंग्ज उघडून पाहिलेलीच नसतात. ती नसेल तर प्रीसेट 'व्हेरीफास्ट'वरून 'सुपरफास्ट' करावा. दर्जा किंचित घसरतो, प्रक्षेपण तरते.

१०८०पी हवेच का?

१०८०पी आणि ६० फ्रेम्स म्हणजे ७२०पी आणि ३० फ्रेम्सच्या साडेचार पट पिक्सेल. वेगवान गेमसाठी ते समजू शकते. फळ्यासमोर उभ्या शिक्षकासाठी हा अट्टहास कशाला? रेंडरिंगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे. अशा वेळी गेमच्या फ्रेम्सवर मर्यादा घालावी.

रेकॉर्डिंगचे काय?

साध्या एमपी४मध्ये रेकॉर्डिंग सुरू असताना वीज गेली की अख्खी फाइल हातची जाऊ शकते. एमकेव्हीमध्ये तोवरचा भाग शाबूत राहतो आणि ओबीएसमध्येच नंतर तिचे एमपी४ करता येते.

लॅपटॉपला चार्जर लावलेलाच असावा. बॅटरीवर तो वेग कमी करतो. तापल्यावरही तेच होते, पण ते लगेच दिसत नाही. म्हणून चाचणी दोन मिनिटांत आटोपू नये. ती अर्धा तास तरी चालवावी आणि स्टॅट्सकडे लक्ष ठेवावे.