कांचेच्या टांकींतील सकर मासा : त्याचें आकर्षण व आपल्या नद्यांचें हित

शेतीच्या मासिकांत शोभेच्या माशांवरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु हल्लीं सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांत, आणि लहान गांवांतील बंगल्यांतूनहि, दिवाणखान्यांत कांचेची टांकी दिसूं लागली आहे. ऊस, हळद व द्राक्षें पिकविणाऱ्या बागायतदारांच्या घरचीं मुलें ती मोठ्या हौसेनें सांभाळीत असतात. या टांक्यांतून एक काळसर, ठिपक्यांचा, कांचेस तोंड चिकटवून निश्चल राहणारा मासा बहुधा आढळतोच. दुकानदार त्यास 'सकर' म्हणतात. परदेशचे शौकीन त्यास 'प्लेको' या नांवानें ओळखतात. हा मासा लोकांस इतका कां आवडतो, तो कसा सांभाळावा, आणि तो टांकीबाहेर पडल्यास नदी, कालवा व शेततळें यांवर काय परिणाम होतो, या तीन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. तिसऱ्या गोष्टीचा आपल्या शेतीशीं प्रत्यक्ष संबंध आहे. पण पहिल्या दोन समजल्यावांचून ती नीट समजणार नाहीं.

जात व मूळस्थान :— ज्या माशांच्या तोंडाजवळ मांजरासारख्या मिशा असतात व अंगावर खवले नसतात, त्यांस इंग्रजींत कॅटफिश म्हणतात. जगांत त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं दक्षिण अमेरिकेंतील एका कुळाच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत असतें, आणि तोंड डोक्याच्या खालच्या अंगास असून तें जळवेप्रमाणें दगडास चिकटतें. या एका कुळांतच हजाराच्या आसपास जाती आहेत. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५८ सालीं त्यांतील एका माशास 'प्लेकोस्टोमस', म्हणजे 'दुमडलेल्या तोंडाचा', असें नांव दिलें; त्याचाच संक्षेप 'प्लेको' असा झाला. आपल्या बाजारांत येणारा सकर हा बहुधा त्याचा भाऊबंद होय. त्याच्या पाठीवरील पर शिडासारखा उंच असतो, व त्याचें मूळ घर अमेझॉन, ओरिनोको इत्यादि नद्यांच्या खोऱ्यांत आहे.

आकर्षणाचीं कारणें :— रंगानें पाहूं गेल्यास सकर कांहीं सुंदर नव्हे. त्याचें आकर्षण त्याच्या वागणुकींत आहे. वाहत्या पाण्यांत दगडास घट्ट धरून राहावें व ओंठांवरील बारीक दांतांनीं शेवाळ खरवडून खावें, अशी त्याच्या तोंडाची रचना आहे. कांचेच्या बाहेरून हें काम चाललेलें स्पष्ट दिसतें. त्याच्या डोळ्यास पापणी नसते. पण उजेड वाढला कीं बुबुळांतील एक पाळी खालीं उतरते व डोळ्याची बाहुली चंद्रकोरीसारखी दिसूं लागते. दिवसां तो लांकडाखालीं दडून बसतो आणि दिवे मालवले कीं बाहेर पडतो. पाण्यांतील प्राणवायु कमी झाल्यास वर येऊन तो हवा गिळतो व पोटाच्या साह्यानें श्वास घेतो. या कुळांतील कांहीं जाती तर पाण्यांत पडलेलें लांकूडच कुरतडतात. शिवाय अनेक जातींत अंडीं सांभाळण्याचें काम नराकडे असतें. तो कपारींत बसून परांनीं अंड्यांवर पाणी वारीत राहतो.

शौकिनांचें वेड किती शिस्तीचें असूं शकतें याचेंहि उदाहरण आहे. नव्या जाती इतक्या वेगानें बाजारांत येऊं लागल्या कीं, शास्त्रज्ञांस नांवें ठेवण्यास अवधि मिळेना. तेव्हां १९८८ सालीं एका जर्मन मासिकानें प्रत्येक नव्या माशास 'एल' हें अक्षर व एक क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. आपण 'को ८६०३२' म्हटलें कीं उसाची जात ओळखतों, त्याप्रमाणेंच हे लोक क्रमांकावरून मासा ओळखतात. अशा माशांपैकीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा 'झेब्रा' ब्राझिलांतील झिंगू नदीच्या एका भागांतच आढळतो. त्या नदीवर झालेल्या बेलो मॉन्टे धरणामुळें त्याचें घर धोक्यांत आलें आहे.

याच वर्गांतील इतर कांहीं मासे घरीं ठेवण्यास अधिक सोयीचे आहेत. 'कोरिडोरस' हा दोनअडीच इंचांचा मासा सहाआठांच्या कळपानें राहतो व मिशांनीं वाळू चाळीत अन्न शोधतो. त्याच्यासाठीं तळास धारदार खडे न घालतां मऊ वाळू घालावी. आफ्रिकेंतील कोंगो खोऱ्याचा एक मासा उलटा होऊन, पोट वर करून पोहतो. थायलंडकडील 'कांचमासा' इतका पारदर्शक असतो कीं त्याच्या कण्याचे मणके मोजतां येतात. प्लेकोच्या कुळांतीलच 'ब्रिसलनोज' हा फार तर पांचसहा इंच वाढतो, आणि नराच्या नाकावर फांद्यांसारखे मऊ तंतु येतात. घरगुती टांकीस हाच उत्तम.

सांभाळण्याची रीत :— टांकींत पाणी भरून त्याच दिवशीं मासे सोडणें ही नेहमीं होणारी चूक होय. तिचें कारण शेतकऱ्यास सहज पटेल. शेणखतांतील नत्र पिकास मिळण्यापूर्वीं जमिनींतील सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट व नायट्राइटचें नायट्रेट करतात, हें आपणांस ठाऊक आहे. टांकींतहि हीच क्रिया चालते. माशांच्या विष्ठेंतून व उरलेल्या अन्नांतून अमोनिया निघतो. अमोनिया व नायट्राइट हे दोन्ही माशांस विषारी असतात. जंतूंची वस्ती गाळणींत व वाळूंत पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर मासे सोडूं नयेत, किंवा अगदीं थोडे सोडावेत. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जाण्यासाठीं तें एक दिवस उघड्या भांड्यांत ठेवून मग वापरावें. क्षारयुक्त विहिरीचें पाणी मात्र टाळावें. काढलेलें पाणी फेंकूं नये. त्यांत नायट्रेट असल्यामुळें तें परसांतील झाडांस उपयोगी पडतें. पाण्याची ऊब २४ ते २८ अंश सेंटिग्रेड असावी.

'सकर टांकी साफ ठेवतो, त्यास निराळें अन्न नको,' हा समज चुकीचा आहे. तो शेवाळ खातो. इतर माशांची घाण खात नाहीं, उलट स्वतः पुष्कळ घाण करतो. नुसत्या शेवाळावर ठेवल्यास तो हळूहळू उपाशीं मरतो. त्यास काकडी, दोडका किंवा दुधी भोपळ्याची किंचित् उकडलेली फोड व तळास बसणाऱ्या गोळ्या रात्रीं द्याव्या, आणि टांकींत एखादें लांकूड ठेवावें.

मुख्य अडचण याच्या वाढीची आहे. दुकानांत बोटाएवढा दिसणारा सकर चांगल्या खुराकानें फूटदीड फूट वाढतो आणि दहापंधरा वर्षें जगतो. त्यास पांचशें लिटर पाण्याची टांकी हवी. आपल्या घरांतील टांकी बहुधा पन्नासशंभर लिटरांची असते. म्हणून एकदोन वर्षांत तो अडगळ होतो. मारवत नाहीं, ठेववत नाहीं, अशा स्थितींत घरचीं माणसें दयाबुद्धीनें तो नदीच्या घाटावर, विहिरींत किंवा शेततळ्यांत सोडून देतात. सर्व अनर्थाचें मूळ या दयेंत आहे.

टांकीबाहेरचा सकर :— टांकींत जे गुण म्हणून आवडले तेच बाहेर दोष ठरतात. अंगावर चिलखत व परांस कठीण कांटे असल्यामुळें त्यास खाणारे मासे थोडे. हवा गिळतां येत असल्यामुळें घाण पाण्यांतहि तो तगतो, व पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो. आपल्याकडील हिंवाळा त्यास मारण्याइतका कडक नाहीं. मादी शेंकडों, कधीं हजारों, अंडीं घालते व नर त्यांची राखण करतो. शेवाळ व तळच्या गाळांतील अन्न यांवर जगणाऱ्या देशी माशांचा घांस तो हिरावतो. जाळ्यांत शिरला कीं कांट्यांनीं जाळें फाडतो, आणि बाजारांत त्यास किंमत येत नाहीं. शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, अंडीं घालण्यासाठीं तो कांठाच्या मातींत बिळें करतो. तीं दोनतीन फूट, कधीं त्याहूनहि खोल असतात. ज्या मातीच्या बांधास अशीं बिळें पडलीं तो पाण्याच्या चढउतारानें ढांसळूं लागतो.

हें केवळ अनुमान नव्हे. मेक्सिकोंतील इन्फिएर्निलो जलाशय हा गोड्या पाण्यांतील मासेमारीचें मोठें केंद्र होता. तेथें सकर शिरल्यावर कांहीं वर्षांतच जाळ्यांत येणाऱ्या मालाचा मोठा भाग या निरुपयोगी माशांचा होऊं लागला व कोळ्यांचा धंदा बसला. आपल्या देशांत केरळांतील कालवे, कलकत्त्याच्या पूर्वेकडील मत्स्यशेतीचीं तळीं, आणि कृष्णेच्या खालच्या खोऱ्यांत आंध्र व तेलंगण येथें तो पसरला आहे. महाराष्ट्रांत भीमेवरील उजनी जलाशयांतहि तो मिळाल्याचीं वृत्तें आलीं आहेत. उजनीस परक्या माशांचा अनुभव नवा नाहीं. १९५२ सालीं भारतांत आणलेला चिलापी मासा आज तेथें कसा माजला आहे, हें कोणीहि कोळी सांगेल. आफ्रिकी मागूर माशावर केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली. तरी त्याची चोरटी पैदास चालूच राहिल्यामुळें २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादास त्याविरुद्ध पुन्हा आदेश द्यावा लागला. एकदां पसरलेला मासा हुकुमानें परत जात नाहीं.

आपल्या जिल्ह्यांचा विशेष धोका :— पूर्वीं एका ओढ्यांत सोडलेला मासा त्याच खोऱ्यांत राहत असे. आतां टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ व जत येथवर नेलें आहे. आटपाडीकडील माण नदी भीमेस मिळते. म्हणजे पाणी ज्या वाटेनें जातें ती वाट पाण्यांतील जीवांसहि मोकळी होऊं शकते. दुसरी गोष्ट महापुराची. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. अशा वेळीं नदी, शेततळें व घरांतील टांकी यांमधील अंतर उरत नाहीं. म्हणून 'माझें तळें बंदिस्त आहे' या समजुतीवर कोणीहि विसंबूं नये.

द्राक्षबागांच्या शेततळ्यांत कागदावर शेवाळ धरतें व ठिबकच्या नळ्या तुंबतात. त्यावर उपाय म्हणून सकर सोडण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. परंतु शेवाळ खाऊन तो जी विष्ठा टाकतो तिच्यांतील नत्र व स्फुरद पाण्यांतच राहून नवें शेवाळ पोसतात. ठिबकसाठीं वाळूची गाळणी वेळोवेळीं उलट्या प्रवाहानें धुणें हाच भरंवशाचा मार्ग होय. मत्स्यबीज घेतांनाहि कटला, रोहू व मृगळ यांच्या पिलांत दुसरें कांहीं मिसळलेलें नाहीं ना, हें पांढऱ्या भांड्यांत ओतून पाहावें.

आपल्या नद्यांचे मिशीवाले मासे :— ज्यांस या वर्गाच्या माशांचें कौतुक आहे त्यांनीं आपल्या नद्यांकडेहि पाहावें. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन करून तें १८३९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां आपल्या कोळ्यांच्या तोंडचीं नांवेंच त्यानें शास्त्रीय नांवांत घातलीं. शिंगटी, घोगरा व गुंगवारी हीं मराठी नांवें त्यामुळें आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिन नांवांचा भाग होऊन राहिलीं आहेत. परक्या माशास दया म्हणून नदींत सोडतांना आपण या घरच्या माशांवर निर्दय होतों, हें ध्यानांत ठेवावें.

सारांश :— हौस वाईट नाहीं. टांकीपुढें बसून मूल निरीक्षण करण्यास शिकतें, आणि पाणी जिवंत ठेवणें किती कठीण आहे हेंहि त्यास कळतें. परंतु मासा विकत घेण्यापूर्वीं तो किती वाढतो हें विचारावें, आणि सकरऐवजीं लहान राहणारी जात घ्यावी. घेतलेला मासा आयुष्यभर सांभाळावा. तें न जमल्यास तो दुकानदारास परत करावा किंवा मोठी टांकी असलेल्या शौकिनास द्यावा. कोणीच न घेतल्यास, थोड्या पाण्यांत लवंगेचें तेल पुरेशा प्रमाणांत मिसळून त्यांत त्यास बेशुद्ध होऊन मरूं द्यावें व झाडाच्या बुडाशीं पुरावें. ही क्रूरता नसून हजारों देशी माशांवरील दया आहे. नदींत किंवा तळ्यांत सकर सांपडल्यास तो पुन्हा पाण्यांत टाकूं नये, व जागा आणि दिवस लिहून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावें. जो शेतकरी आपल्या बांधावर परकें तण दिसतांच उपटतो, त्यास पाण्यांतील तणाविषयीं याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाहीं.