झांगरचे एक वर्ष आणि आठ दिवस

दरवर्षी १ जानेवारीला समाजबांधव भीमा कोरेगावच्या विजयस्तंभास मानवंदना देण्यासाठी जातात. सुरगाण्यासारख्या डोंगरी तालुक्यातून जायचे तर आदल्या दिवशीच घर सोडावे लागते, तरी लोक जातात. १८१८ सालच्या त्या लढाईची व स्तंभावर कोरलेल्या नावांची माहिती आता शाळकरी मुलांनाही असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिली, हेही सर्वांना ठाऊक आहे.

परंतु महार सैनिकांच्या इतिहासात १ जानेवारी ही तारीख आणखी एकदा येते. जम्मू-काश्मीरचे पहिले युद्ध १ जानेवारी १९४९ च्या रात्री, मध्यरात्रीला एक मिनिट कमी असताना थांबले. त्या युद्धात महार रेजिमेंटची पहिली पलटण होती. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगर येथे तिच्या एका नाईकाने जे शौर्य दाखवले, त्या दिवसापासून युद्धबंदीपर्यंत मोजले तर एक वर्ष आणि आठ दिवस भरतात. प्रस्तुत लेख त्या काळाविषयी आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या समाजात सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखी शिकलेली, शिस्तीची माणसे लष्करामुळे घडली, त्या समाजाचा हा दरवाजा बंद झाला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले व त्यांनी महारांच्या स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे पहिली पलटण उभी राहिली. म्हणजे झांगरला जी पलटण होती तिचे वय अवघे सहा वर्षांचे होते.

१९४६ साली या रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर करण्यात आले. हा तपशील अनेकजण वाचून पुढे जातात. माझ्या मते सारे मर्म येथेच आहे.

त्या काळची व्हिकर्स मशीनगन ही एका माणसाची बंदूक नव्हे. नुसती गन सुमारे पंधरा किलोची, तिची तिपाई तेवीस किलोच्या आसपास, आणि २५० गोळ्यांच्या पट्ट्याची एकेक पेटी दहा किलोची. शिवाय नळी थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवतीच्या नळकांड्यात सुमारे चार लिटर पाणी भरावे लागे. सलग गोळीबार सुरू झाला की तीन-चार मिनिटांत ते पाणी उकळू लागे, आणि त्याची वाफ रबरी नळीने डब्यात सोडून थंड झालेले पाणी पुन्हा वापरीत. एकजण गन चालवी, दुसरा पट्टा सरकवी, बाकीचे पेट्या व पाणी आणीत. हातगडच्या चढाला डोक्यावर ओझे घेऊन गेलेल्या आपल्या भागातील माणसाला या वजनाचा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि महत्त्वाचे म्हणजे मशीनगनची पलटण सहसा एके ठिकाणी लढत नाही. तिच्या कंपन्या निरनिराळ्या ब्रिगेडना वाटून देतात, त्यातून एक-दोन गना एखाद्या टेकडीवर दुसऱ्याच पलटणीच्या शेजारी बसतात. हल्ला आला की शत्रूला लांबवर रोखायचे, आणि माघार घ्यावी लागली तर इतरांना निघून जाता यावे म्हणून शेवटपर्यंत गोळीबार चालू ठेवायचा, हे या तुकड्यांचे काम.

झांगर हे मीरपूर व कोटली या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांचे नाके. तेथून रस्ता नौशेऱ्याला येतो. २५ नोव्हेंबर १९४७ रोजी मीरपूर पडले आणि झांगरवर दाब वाढला. २४ डिसेंबरला फार मोठ्या संख्येने हल्ला होऊन झांगर आपल्या हातून गेले. त्या पराभवाच्या दिवशी मशीनगनवर असलेले पहिल्या महारचे नाईक कृष्णा सोनवणे यांना त्यांच्या शौर्याबद्दल पुढे महावीर चक्र मिळाले. परमवीर चक्राच्या खालोखाल असलेले हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. आडनावावरून त्यांना आपल्या जिल्ह्यात ओढण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. सोनवणे आडनावाची घरे अनेक जिल्ह्यांत आहेत.

ठाणे गेले त्या दिवशीचे शौर्य लोक सहसा सांगत नाहीत. विजयाच्या दिवसाचे सांगतात. विद्यार्थ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. त्यानंतर ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवण्यात आला. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी शपथ घेतलेले ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्या ब्रिगेडने १८ मार्च १९४८ रोजी ते परत जिंकले. ३ जुलैला त्याच झांगरला तोफगोळा लागून ब्रिगेडियर उस्मान धारातीर्थी पडले. त्याच १९४८ साली इकडे सुरगाणा संस्थान मुंबई प्रांतात विलीन होत होते. नोव्हेंबरात पूंछचा वेढा उठला, आणि जानेवारीच्या त्या रात्री गोळीबार थांबला.

मग या वर्षाची आठवण आपल्याकडे का राहिली नाही? उपेक्षा हे एक उत्तर आहे व ते खोटे नाही. पण दुसरे कारण मशीनगनच्या कामातच आहे. टेकडी राखली की नाव ती टेकडी राखणाऱ्या पलटणीचे होते, कडेला बसलेल्या दोन गनांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. कोरेगावची नावे दगडात कोरली म्हणून, नावाशेवटच्या 'नाक' या प्रत्ययावरून आपण आपली माणसे ओळखू शकलो. झांगरची नावे ज्या कागदांत आहेत ते आपण उघडलेच नाहीत.

रेजिमेंटने मात्र आपल्या परीने आठवण ठेवली आहे. टोपीवरील बिल्ल्यात पूर्वी कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. पण तिपाईवरच्या दोन व्हिकर्स गना कायम राहिल्या. १९६० नंतरच्या दशकात मशीनगनचे काम जाऊन रेजिमेंट पुन्हा साधी पायदळ झाली, तरी बिल्ल्यातील गना निघाल्या नाहीत.

संस्थेच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा लष्करात होते, त्यांनी पत्र्याच्या जुन्या पेट्या उघडून पाहाव्यात. डिस्चार्जच्या पुस्तकात पलटण, नंबर व भरतीची तारीख असते. पुढची चौकशी मध्य प्रदेशातील सागर येथे, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे त्या नंबरावरूनच करता येते. १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर 'जम्मू अँड काश्मीर' अशी पट्टी असली, तर ते या युद्धाचे. मेडल चांदीचे नसते, तांबे-निकेलचे असते. सोनाराकडे नेऊन काही मिळणार नाही. मात्र त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर व नाव उमटवलेले असते. अक्षरे झिजली असतील तर घासून चकचकीत करू नये. कडेवर पातळ कागद धरून त्यावर पेन्सिलचे शिसे हलकेच फिरवावे, अक्षरे कागदावर उतरतात.